फॉरमॅट मारण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. डिचोली तालुक्यातून रोज बसने शाळेला येणारा आमचा एक विद्यार्थी सकाळची प्रार्थना संपताच आमच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या घरच्या संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदत होत्या. वडिलांच्या हिशेबासाठी विंडोज आणि त्याच्या स्वतःच्या हौसेसाठी उबंटू नावाची लिनक्स. आदल्या रात्री थोरल्या भावाने डिस्कवरील मोकळ्या जागेत एक नवे पार्टिशन पाडले आणि सकाळी पाहतात तो काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोनच ओळी! असे पार्टिशन सापडत नाही, ही पहिली, आणि तिच्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द. पुढे सारे सामसूम. “सर, सगळं गेलं का हो?” असे त्याने विचारले. आम्हाला वर्गावर जाण्याची घाई होती. “दुकानात दाखव,” एवढे बोलून आम्ही मोकळे झालो.

दुकानात जे व्हावयाचे तेच झाले. ‘फॉरमॅट मारला’, विंडोज नव्याने घातली, आणि संध्याकाळपर्यंत यंत्र धुतल्या पाटीसारखे स्वच्छ होऊन घरी आले. त्या पाटीवर काय लिहिलेले होते ते आम्हाला दोन दिवसांनी कळले. हा मुलगा दोन चतुर्थ्या आपल्या आजीच्या मागे हिंडून माटोळीला बांधावयाच्या रानफळांची आणि वनस्पतींची माहिती जमवीत होता. कांगले, कवंडळ, घागऱ्या, अंबाडे ही नावे तर म्हापशाच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोणाच्याही कानांवर पडतात; परंतु आजीला ठाऊक असलेली कित्येक नावे बाजारापर्यंत येतच नाहीत. तिच्या आवाजातील ती नावे, कोणती वेल कोणत्या डोंगरउतारावर सापडते ह्याची तिची वर्णने, आणि दीडशेच्या वर छायाचित्रे, असा तो संग्रह होता. दुसरी प्रत कोठेही नव्हती.

मनाला लागून राहिलेली गोष्ट ही, की तो मुलगा सकाळी आमच्यापुढे उभा होता त्या घटकेला त्या संग्रहातील एक अक्षरही नष्ट झालेले नव्हते. सारे जागच्या जागी होते. हरवला होता तो केवळ वाट दाखविणारा. त्या यंत्राला मृत ठरवून अग्नी देण्याची आज्ञा आमच्याच तोंडून गेली, म्हणून ह्या लेखातील दोषाचा पहिला वाटा आमच्या पदरी घेऊन पुढचे लिहीत आहोत.

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत काय घडते, हे शाळेत फारसे कोणी सांगत नाही. वीज मिळाली की यंत्राच्या मुख्य पाटावरील एका चिपेत कायम लिहून ठेवलेला एक छोटा कार्यक्रम जागा होतो. त्याला मोठ्या कार्यप्रणालीची काहीच माहिती नसते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात तो डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यावर जातो आणि तेथे जे सापडेल ते चालवितो. हा तुकडा अवघा ५१२ बाइटांचा. त्यांपैकी ४४६ बाइटांत वाट दाखविणारा कार्यक्रम, ६४ बाइटांत डिस्कवरील चार मुख्य पार्टिशनांचा तक्ता, आणि उरलेल्या २ बाइटांत ‘हा तुकडा ग्राह्य आहे’ अशी खूण. ४४६ बाइटांत आमच्या ह्या लेखातील दोन वाक्येसुद्धा धड मावणार नाहीत! म्हणून तेथला कार्यक्रम एवढेच करतो, की आपला पुढचा, मोठा भाग डिस्कवर अमुक ठिकाणी आहे असे सांगून त्याच्या हाती सूत्रे देतो. तो मोठा भाग मग यादी दाखवितो आणि विंडोज हवी की लिनक्स असे विचारतो. लिनक्सबरोबर सहसा येणाऱ्या ह्या वाटाड्याचे नाव ग्रब. स्वतःच्या बुटाच्या मागचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलावे अशी जी इंग्रजी कल्पना आहे, तिच्यावरून ह्या साऱ्या क्रियेला ‘बूट होणे’ म्हणतात. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी “संगणकाचे बूट बिघडले म्हणजे तो अनवाणी चालत नाही काय?” असा प्रश्न केल्याचे ऐकतो. प्रश्न विनोदाचा असला तरी त्याचे उत्तर खरोखर ‘चालतो’ असेच आहे, हे पुढे दिसेल.

म्हापशाच्या बसस्थानकावर चौकशीची खिडकी बंद असली म्हणून पेडण्याची बस नाहीशी होत नाही. ती आपल्या जागी उभी असते. फक्त नवख्या माणसाला ती कोठे उभी आहे हे कळत नाही. डिचोलीच्या त्या यंत्राचे असेच झाले. नवे पार्टिशन मध्येच पडल्यामुळे पुढच्या पार्टिशनांचे क्रमांक सरकले. लिनक्सचे घर सहाव्या क्रमांकावर होते ते सातव्यावर गेले. ग्रबच्या टिपणात मात्र अजून सहाच! तो सहाव्या दारावर टकटक करीत राहिला आणि अखेरीस ‘असे दार सापडत नाही’ म्हणून हात जोडून उभा राहिला. ‘रेस्क्यू’ ह्या शब्दाचा अर्थ सुटका. म्हणजे यंत्र आपल्याला मदत मागत होते आणि आपण त्याला शोकवार्ता समजलो. तेथे ‘एल’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरे टंकली असती तर सर्व पार्टिशनांची यादी पडद्यावर आली असती. एकेक पार्टिशन तपासून लिनक्सच्या बूटसामग्रीचे घर कोणते ते पाहावयाचे, ग्रबला तो नवा पत्ता सांगावयाचा, त्याचा नेहमीचा भाग मागवून घ्यावयाचा, की यादी पुन्हा समोर. मग लिनक्समध्ये शिरून ग्रब पुन्हा बसवावयाचा आणि त्याची यादी ताजी करावयाची, म्हणजे उद्यापासून हा खटाटोप नको. चार-पाच ओळींचे काम. मधल्या सुट्टीत झाले असते.

नवीन यंत्रांत ही व्यवस्था बदललेली आहे आणि आमच्या मते पुष्कळच सुधारलेली आहे. तेथे पहिल्या तुकड्याची अडचण नाही. डिस्कवर एक लहानसे स्वतंत्र पार्टिशन असते, त्यात प्रत्येक कार्यप्रणालीचा वाटाड्या आपापल्या फोल्डरमध्ये राहतो, आणि आधी कोणाला हाक मारावयाची तो क्रम यंत्र स्वतःच्या स्मृतीत ठेवते. एखाद्या अद्ययावतीनंतर विंडोज आपले नाव पुन्हा सर्वांत वर लिहून घेते. मग मुले सांगत येतात की लिनक्स उडाली. ती उडालेली नसते. यंत्र चालू करताना एफ-१२, एफ-२, एस्केप ह्यांपैकी जी कळ त्या यंत्राला लागू असेल ती दाबावी, यादी उघडते, लिनक्सचे नाव निवडावे, आणि पुढे क्रम बदलून ठेवावा. ह्या एवढ्याशा कारणासाठी संपूर्ण डिस्क पुसलेली उदाहरणे आम्ही स्वतः पाहिली आहेत.

उलट प्रकारही घडतो. ग्रबच्या २०२१ मध्ये निघालेल्या २.०६ ह्या आवृत्तीपासून, डिस्कवर दुसरी कार्यप्रणाली आहे काय हे शोधण्याचे त्याचे काम सुरक्षिततेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवण्यात आले. त्यामुळे एखादे दिवशी यादीत लिनक्स दिसते आणि विंडोज बेपत्ता! घरात वडिलांचा हिशेब विंडोजमध्ये अडकलेला असला म्हणजे मुलाची जी अवस्था होते ती आम्ही वर्णन करीत नाही. ग्रबच्या मांडणीच्या फाइलीत एक ओळ बदलली की तो शोध पुन्हा सुरू होतो आणि विंडोज आपल्या जागी परत दिसते.

केवळ मुलांच्या हातूनच चुका होतात असे मात्र कोणी समजू नये. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजची एक सुरक्षा-अद्ययावती पाठविली. जुन्या, सदोष वाटाड्यांना यंत्रात प्रवेश मिळू नये हा तिचा हेतू रास्तच होता, आणि जेथे दोन कार्यप्रणाली आहेत तेथे ही बंदी लागू होणार नाही असेही कंपनीने सांगितले होते. प्रत्यक्षात जगभरातील कित्येक दुहेरी यंत्रांवर ती लागू झाली. लिनक्स निवडावी तर ‘सुरक्षा-धोरणाचा भंग’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश, आणि यंत्र बंद. दोष कोणा विद्यार्थ्याच्या उपद्व्यापाचा नव्हता, डिस्कचाही नव्हता. यंत्रातील सिक्युअर बूट हा पहारा तात्पुरता उठवावा, लिनक्समध्ये जाऊन ती बंदीची नोंद काढावी, आणि पहारा पुन्हा बसवावा, असा उपाय काही दिवसांतच लोकांना सापडला. कंपनीची कायमची दुरुस्ती यावयास मे २०२५ उजाडला. त्या नऊ महिन्यांत ज्यांनी संदेश वाचला त्यांचे काही गेले नाही.

येथे एक धोक्याची सूचना, आणि ती आम्ही ठळक अक्षरांत छापावी असे संपादकांना विनविले आहे. नव्या विंडोज ११ च्या पुष्कळ यंत्रांवर बिटलॉकर जातीचे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. सिक्युअर बूटचा पहारा उठविला की हे कुलूप ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. परंतु ते खाते कोणी काढले, त्याचा पासवर्ड काय, हे घरात कोणालाच आठवत नाही. किल्ली नाही, तर मात्र डिस्कवरील मजकूर खरोखर गेला, आणि तेथे आमचे हे सारे पांडित्य फुकट आहे. म्हणून यंत्राच्या अंतर्गत मांडणीला हात लावण्यापूर्वी ते ४८ अंक कागदावर उतरवून घ्यावे. संगणकातच लिहून ठेवू नयेत, हे वेगळे सांगावयास नको. पण आम्ही ज्याअर्थी सांगत आहोत त्याअर्थी कोणी तरी तसे केलेले आहे.

किरकोळ दुखण्यांची यादी लांबविण्याची इच्छा नाही. पण दोन दुखणी आपल्याकडे फार आढळतात. एक, मुख्य पाटावरील नाण्याएवढी बॅटरी, जिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. ती संपली की जुने यंत्र तारीख विसरते, मांडणी विसरते, आणि कोणती डिस्क आधी वाचावयाची तेही विसरते. थोड्या पैशांची ही बॅटरी बदलण्याऐवजी फॉरमॅट मारणे म्हणजे घड्याळ बंद पडले म्हणून घर पाडण्यासारखे आहे. दुसरे दुखणे वेळेचे. विंडोज मुख्य पाटावरील घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, आणि लिनक्स तेच घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचे आहे असे धरून चालते. आपली वेळ त्या वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे. तेव्हा एका प्रणालीतून दुसरीत गेले की घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. चूक साडेपाच तासांचीच असेल तर यंत्र बिघडलेले नाही, दोघींचा करार झालेला नाही एवढेच समजावे. लिनक्सला एका आज्ञेने विंडोजची रीत पाळावयास लावता येते.

ह्यावर काही पालक म्हणतात, आणि सभांतून आम्हाला तसे ऐकावेही लागले आहे, की एका म्यानात दोन तलवारी हव्यातच कशाला? विंडोज आहे ना, मग पुरे. ह्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. ज्या घरी एकच यंत्र आहे आणि त्यावर कोणाचा तरी उदरनिर्वाह चालतो, तेथे मुलाने दुसरी प्रणाली घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. परंतु म्यान आणि तलवार ही उपमा येथे लागू पडत नाही. आमच्या घरांतून चुलीपाशी कोकणी आणि देव्हाऱ्यापाशी मराठी आरती पिढ्यान्‌पिढ्या नांदली. कोणीही दुसरीला घराबाहेर काढले नाही. शिवाय परिस्थितीनेच हा प्रश्न आता दारात आणून ठेवला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. घरोघरची कित्येक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात द्यावी, की तिच्यांत जुन्या विंडोजशेजारी लिनक्स घालून आणखी काही वर्षे चालवावी? काटकसरी घर दुसरा मार्ग पत्करील, आणि पत्करावा असेच आमचे मत आहे.

गोव्याला लिनक्स नवी आहे असेही नव्हे. ह्या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने परदेशात वापरून झालेले संगणक गोव्यातील शाळांसाठी आणण्यात आले, आणि त्यांवर लिनक्स घालून मुलांच्या हाती देण्याचा प्रयत्न झाला. जुनी यंत्रे, महागडे परवाने परवडत नाहीत, आणि शिकविणारा शिक्षक स्वतःच शिकाऊ, अशा स्थितीतील तो उद्योग होता. केरळाने तर हे काम राज्याच्या पातळीवर उचलले. तेथे २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, शाळांतून लिनक्स रूढ झाली, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ ह्या नावाने हायस्कुलांतील मुलांची मंडळे निघाली. शाळेतील यंत्रांची देखभाल हाही त्यांच्या शिक्षणाचा एक भाग आहे. जे केरळातील नववीच्या मुलीला जमते ते पेडण्याच्या वा डिचोलीच्या मुलीला जमू नये असे मानण्यास आम्हाला काही आधार दिसत नाही.

दुकानदारांवर ठपका ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या समोर पाच यंत्रे रांगेत असतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला संध्याकाळी यंत्र चालू हवे असते, आणि पुसून नव्याने घालण्यास लागणारा वेळ ठरलेला असतो, शोधास लागणारा नसतो. तथापि एवढे तरी व्हावे: पुसण्यापूर्वी ‘ह्यात ठेवण्यासारखे काही आहे काय?’ असे विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. गिऱ्हाइकानेही ‘चालू करून द्या’ एवढेच न म्हणता ‘आतले काही पुसू नका’ असे स्पष्ट सांगावे. आमच्या विद्यार्थ्याने हे सांगितले नाही, कारण असे सांगावयाचे असते हे त्याला आम्ही शिकविलेले नव्हते.

आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरी करण्यासारखे एक काम आहेच. उबंटूसारखी प्रणाली पेनड्राइव्हवर घालून ठेवता येते. बिघडलेले यंत्र त्या पेनड्राइव्हवरून चालू केले, आणि डिस्कवर काहीही न बसविता ‘वापरून पाहा’ हा पर्याय निवडला, म्हणजे यंत्र स्वतःच्या वाटाड्याशिवाय चालू लागते. हेच ते अनवाणी चालणे. आतील फाइली दिसतात, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात. विंडोज नीट बंद न करता, म्हणजे २०१२ पासून तिच्यात आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ ह्या अर्धवट झोपेत, सोडलेली असेल, तर लिनक्स त्या पार्टिशनावर लिहिण्यास नकार देते. परंतु वाचू देते, आणि आपल्याला त्या वेळी वाचावयाचेच असते. प्रत हाती आल्यावर मग दुरुस्तीत चूक झाली तरी झोप उडत नाही. चूक तर होणारच.

आमची झाली. त्या प्रसंगानंतर आम्ही प्रयोगशाळेतील एक निकामी ठरलेला संगणक मागून घेतला. त्यावर आधी विंडोज आणि नंतर लिनक्स घातली. हा क्रम उलटा केला तर जुन्या यंत्रात विंडोज पहिला तुकडा स्वतःसाठी बळकावते. मग त्या डिचोलीच्या मुलासह सहा जणांना बोलावून तो संगणक मुद्दाम बिघडविला. पार्टिशनांचे क्रमांक सरकविले. पडद्यावर तेच दोन शब्द उमटले. दुरुस्तीचा पहिला मान गुरुजी म्हणून आम्हाला मिळाला. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने ग्रब पुन्हा बसविला, यंत्र बंद करून चालू केले, आणि पुन्हा तेच दोन शब्द! डिस्कच्या नावात शेवटी ‘ए’ हवे तेथे आम्ही ‘बी’ टंकले होते आणि ग्रब इमानेइतबारे पेनड्राइव्हवर जाऊन बसला होता. मुले हसली नाहीत, हा त्यांचा विनय. दुसऱ्या खेपेस डिचोलीच्या मुलाने ते अक्षर आमच्या आधी वाचले.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास हा उद्योग चालतो. एक गट यंत्र बिघडवितो, दुसरा दुरुस्त करतो. बिघडविणाऱ्याने काय केले ते बंद पाकिटात लिहून ठेवावयाचे. यंत्राशेजारी एक वही दोरीने बांधली आहे. पहिल्या पानावर यंत्राचे नाव, यादी उघडण्याची कळ, पार्टिशनांचा नकाशा आणि डिस्कचे नाव. त्यापुढे तारखेवार, पडद्यावर काय दिसले ते शब्दशः आणि त्यावर काय केले ते. अशी वही प्रत्येक घरी असावी, आणि शाळेने प्रात्यक्षिक परीक्षेत ह्या एका तासाला थोडे गुण द्यावे, अशी आमची व्यवस्थापनाकडे मागणी आहे. टंकलेखनाला आणि चित्रे रंगविण्याला गुण आहेत. बंद पडलेले यंत्र वाचून पाहण्याला अजून नाहीत.

त्या मुलाने यंदाच्या चतुर्थीला आजीकडे पुन्हा बैठक घातली. तिची नजर आता मंद झाली आहे, आणि छायाचित्र पाहून नाव सांगण्याऐवजी ती पान हातात घेऊन, चुरगाळून, वास घेऊन सांगते. पहिल्या संग्रहातील काही नावे तिला आठवली नाहीत; दोन-तीन नवीन मात्र निघाली. त्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत घरी आहे, एक मामाकडे पेडण्यास आहे, आणि तिसरी आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, वहीजवळ.